ताईचा गंधार

माझ्या मोठ्या बहिणीचं स्वरयंत्र डॉक्टरांनी काढून टाकलं, तेव्हा ती गाण्याच्या शिकवण्या घेत होती. कॅन्सर होता, दुसरा इलाज नव्हता. पुढं ती गळ्यावर सुती रुमाल बांधून वावरायची आणि जे सांगायचं ते हातांनी सांगायची. मी इथंच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो. संगणकाला माणसाच्या आवाजात गायला लावायचं, असा माझ्या दोन विद्यार्थ्यांचा प्रकल्प होता. मी म्हटलं, ताईचा आवाज घ्या. यंत्रं इतकी नको ती कामं करतात, एकानं हे केलं तर काय बिघडलं?

ताईच्या जुन्या कॅसेटी होत्या. त्यांत सलग गाणं असं नव्हतंच. शिकवताना म्हटलेले तुकडे, मध्येच मुलींना झापणं, मागं कुकरची शिट्टी. पोरांनी खपून त्यातून तिचा आवाज वेचला. तिला सांगितलं तेव्हा तिनं आधी हात झटकला. मग मी तिच्या घरी गेलो की भुवई उंचावून विचारायला लागली. तिला आपला आवाज एकदा ऐकायचा होता. बाकी कशात तिचा जीव रमत नव्हता.

कॉलेजात संगणक आणि संगीत यांवर चर्चासत्र ठरलं. दीपप्रज्वलन, सत्कार, सत्काराला उत्तरं, आपल्याकडं होतं ते सगळं यथासांग पार पडलं. मग ताईला आणि दाजींना मंचावर बसवलं आणि यमनची बंदिश लावली. पहिल्याच षड्जाला माझ्या अंगावर काटा आला. ताईच! तोच जरा खरखरीत आवाज. दाजींनी डोळ्यांना रुमाल लावला. मग आवाज गंधारावर आला आणि ताईचा चेहरा पडला.

ती इथल्याच गुलमंडीमागच्या गल्लीतल्या एका उस्तादांकडं शिकलेली. ते पेटीला दारातही उभं करत नसत. "पेटी कू नक्को सुन बेटा, तंबोरे कू सुन," असं म्हणायचे. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो तो गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो. तेवढं किंचित साधायला ताईनं तरुणपण घालवलं होतं. पोरं बिचारी पेटीवर वाढलेली. त्यांच्या प्रोग्रामला ताईचा गंधार दर वेळी बेसूर वाटला आणि त्यानं तो दर वेळी उचलून पेटीच्या सुराला नेऊन चिकटवला.

ताईनं तळहात पालथा करून हवेत खाली दाबला. शिकवणीतल्या मुलींना ती असंच दाखवायची, खाली घे, अजून खाली. आवाज आपला वरच गात राहिला. तिनं पुन्हा हात दाबला, मग दोन्ही हात. तोवर सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं होतं. सूत्रसंचालक माईकवर म्हणाले, "मंडळी, बसून घ्या, ताई बसा म्हणतायत. त्यांना गहिवरून आलंय." आणि त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली. शालीखाली तिचे हात हलतच होते. त्या माणसाचा गळा धरावा असं मला वाटलं. मी संगणकाशी पोचेपर्यंत गाणं संपलं होतं.

"सर, लई भारी झालं ना?" एका पोरानं विचारलं. मी काय झालं ते सांगितल्यावर तो रडवेला झाला. त्यानं गंधार दुरुस्तही केला, पण ताईनं तो ऐकलाच नाही. मी मोबाइल पुढं केला की ती कान झाकायची. एकदा फारच आग्रह केला तर आत जाऊन दार लावून घेतलं. तिकडं पहिलं गाणं या फोनवरून त्या फोनवर सगळीकडं गेलं होतं. पाचोडच्या चुलतभावानं तर ते रिंगटोन म्हणून लावलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ताई गेली. तेराव्याला घर भरलेलं होतं. कुणीतरी तिच्या फोटोसमोर मोबाइल ठेवून तेच गाणं लावलं, सभागृहातलं. मी तिरमिरीत उठलो आणि बंद करायला हात घातला. दाजींनी माझं मनगट धरलं.

"राहू दे बाबा," ते म्हणाले. "तेवढाच तर तिचा आवाज राह्यलाय."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं.