वानखडे काकांची सरळ रेघ

शूटिंग रेंजवर छर्र्यांपेक्षा किस्सेच जास्त सांडतात. वलगाव रोडवरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये चहा येईपर्यंत दोन तरी होतात. त्यातले निम्मे वानखडे काकांचे. काका पोलिसांच्या शस्त्रागारातून रिटायर झालेले. आमच्या एअर रायफलींचे स्कोप, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणी, बसवून देणं हे त्यांचं काम. काकू गेल्यापासून त्यांना तेवढंच उरलं होतं.

*

काकांची पद्धत गवंड्याची. समोर कडुलिंबाला ओळंबा टांगायचा, रायफल स्टँडवर लेव्हल करायची आणि स्कोपमधली उभी रेघ दोरीवर येईपर्यंत स्कोप हळूहळू फिरवायचा. वाऱ्यानं दोरी हलू नये म्हणून ओळंब्याचा गोळा पाण्याच्या बादलीत बुडवलेला. एकदा अर्धं काम झालं आणि एक म्हैस येऊन बादली पिऊन गेली. जाताना शिंगात दोरी अडकवून ओळंबाही घेऊन निघाली! काका मागून म्हणतात, "अवं बाई, गोळा तरी ठेव."

*

वलगावच्या भूषणची तक्रार, की त्याचा स्कोप रोज थोडा वाकडा होतो. काकांनी दोनदा नीट करून दिला. पुढच्या वेळी त्यांनी स्कोपला हातच लावला नाही, भूषणची मान धरून सरळ केली. "आता पाह्य. स्कोप नाई लेका, तू वाकडा हायेस." भूषण अजूनही नेम धरायच्या आधी मान चाचपतो.

*

मागच्या उन्हाळ्यात हसणं कमी झालं. जवळचे नेम बरोबर लागायचे, पण लांबच्या टार्गेटसाठी स्कोपची चकती फिरवून नेम वर घेतला की छर्रे एका बाजूला पळायचे. सगळ्यांचेच. म्हणजे स्कोप तिरपे बसत होते. हे पहिल्यांदा ओळखलं तिवशाच्या नीलिमानं. मग काकांच्या मुलाकडून कळलं, की शुगरनं त्यांचा उजवा डोळा गेलाय आणि डावाही फार साथ देणार नाही. काकांनी आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. आता राहू द्या, असं त्यांना कोण म्हणणार? माझी तर हिंमत झाली नाही.

मग रेंजवर एक रीतच पडली. काका घरी गेले की नीलिमा सगळे स्कोप परत सरळ करायची. दुसऱ्या दिवशी नेम लागला की काका खूश व्हायचे आणि आम्ही माना डोलवायचो. फार वाईट वाटायचं.

*

अकोल्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी काका नीलिमाचा स्कोप बसवत होते. बराच वेळ डोळा लावून त्यांनी स्कोप फिरवला, बोल्ट आवळले आणि म्हणाले, "आली रेघ दोरीवर."

स्कोपच्या पुढच्या काचेवरचं झाकण तसंच होतं.

नीलिमानं हळूच झाकण काढलं, पण टक् असा आवाज झालाच. काकांनी तो ऐकला. मग त्यांनी बोल्टची चावी तिच्या हातात दिली.

"मी घरी गेल्यावर तू जे करतं ना पोरी, ते आता माह्यासमोरच कर."

नीलिमानं रडत रडत बोल्ट सैल केले.