मुक्ताच्या नकाशावरची तांबडी रेघ

श्री. शिवलिंगप्पा बिराजदार यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. रेल्वेत रूळ-देखभालीचे काम त्यांनी कसे केले, ते त्यांचे सहकारी या गौरवग्रंथात अधिकाराने लिहितील. मी तंत्रशाळेत लेखनिक होतो. मला बिराजदारसाहेब कळले ते एका टेबलावर मावणाऱ्या रेल्वेमुळे.

आमची पहिली भेट आमच्याच दारात झाली. माझी मुलगी मुक्ता जाऊन चार महिने झाले होते. त्या दिवसांत बेल वाजली तरी मला धडकी भरत असे. दारात काखेत कागदाची गुंडाळी घेतलेले एक उंच, वयस्कर गृहस्थ उभे होते. मुक्ताला छोटी रेल्वे मांडायची होती. रूळ, इंजिन आणि तीन डबे तिने हौसेने जमवले होते. पहिलाच नकाशा, म्हणून जाणकाराने तपासावा, यासाठी तो ती त्यांच्याकडे देऊन आली होती. आम्हाला हे ठाऊक नव्हते आणि ती गेल्याचे त्यांना उशिरा कळले होते. सांत्वनाचे शब्द त्यांनी काढले नाहीत. पाणी प्यायले आणि म्हणाले, "मुक्ताबाईंनी नकाशा तपासाय दिला होता. तपासला. वळण चुकलंय. लई आवळ हाय, गाडी पडंल."

मला राग यायला हवा होता, पण भीती वाटली. तिच्या हातची रेघ आता कुणीतरी खोडणार, ही भीती. मी कागद हातात घट्ट धरून बसलो. ते त्यांच्या लक्षात आले असावे.

"आमच्या खात्यात जुनी रेघ खोडत न्हाईत," ते म्हणाले. "तांबड्या शाईनं शेजारी दुसरी काढायची आन् सही करायची. आधी कुणी काय योजलं होतं, ते मागनं येणाऱ्याला दिसाय पाहिजे की."

त्यांचा काटेकोरपणा सर्वांना माहीत आहे. त्यापायी त्यांची एक चूक झाली, ती त्यांच्या परवानगीने लिहितो. मुक्ताची रेल्वे आपण मांडायची असे ठरले, तेव्हा खऱ्या रेल्वेचे वळण त्यांनी तंतोतंत प्रमाणात लहान केले आणि मुक्ताच्या खोलीतील फरशीवर खडूने आखायला घेतले. वळण खोलीत मावेना. दारातून बाहेर पडून ते स्वयंपाकघरात शिरले. माझी पत्नी सुमन कणीक मळत होती. पायाशी आलेल्या रेघेकडे पाहून तिने साहेबांना विचारले, "अण्णा, स्टेशन पिठाच्या डब्यावर करायचं का?" मुक्ता गेल्यापासून ती गरजेपलीकडे बोललीच नव्हती. साहेब ओट्यापाशी फतकल मारून बसले आणि हसले. मग फरशी पुसण्याआधी वहीत 'आखणी चुकली' असे लिहून खाली त्यांनी पूर्ण सही केली.

पुढे आठवडाभर ते रोज दुपारी येत. सुमनच्या शिवणाच्या डब्यातला दोरा ते वळणावर ताणून धरत, दुसरे टोक तिच्या हाती देत आणि वळण किती वाकले ते कळावे म्हणून दोऱ्यापासून टेबलावर सुट्या मांडलेल्या रुळाचे अंतर मोजत. मुक्ताच्या रेघेबाहेर दोन बोटांवर तांबडी रेघ आली. नकाशावर त्यांनी तपासणाऱ्याची सही केली. आखणाऱ्याच्या जागी मुक्ताचेच नाव राहिले. 'मान्य' या शब्दापुढे मी सही करायची होती. ती मला करवेना. तांबड्या रेघेवर रूळ ठोकले, की तिची रेघ कायमची रिकामी राहणार होती. मी अकरा दिवस टाळाटाळ केली.

बाराव्या दिवशी ते शांतपणे म्हणाले, "सही न्हाय केली तर बाईंची गाडी कागदावरच ऱ्हाईल. केली आन् गाडी पडली, तर ते आपल्या दोघांवर. कुठलं भ्या मोठं, ते तुमी बघा."

मी विचारले, तुम्हाला कधी भीती वाटली का? रूळ दुरुस्त झाला की पहिल्या गाडीच्या वेळी ते स्वतः तिथे उभे राहत, असे त्यांनी सांगितले. प्रत्येक वेळी पाय कापत. माणसांना ते दिसू नये, म्हणून ते हातातल्या काठीवर भार देत. खात्यात त्यांना निधड्या छातीचे म्हणत, हे सांगताना ते ओशाळले. त्या दिवशी मी सही केली.

गाडी सोडली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. साहेब गुडघे टेकून वळणाशी कान लावून बसले होते. चाकांचा आवाज वळणावर बारीक झाला, अडखळला, पुन्हा सरळ झाला. "गेली," सुमन म्हणाली. तिन्ही डबे रुळावर होते.

साहेबांना मात्र लगेच उठता आले नाही. छातीवर हात ठेवून ते बराच वेळ तसेच बसले. विचारले तर म्हणाले, जिना चढल्यामुळं. त्यानंतर दोनदा मी त्यांना तसे बसलेले पाहिले आहे. घरी सांगू नका, असे त्यांनी मला बजावले आहे.

बिराजदारसाहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही इच्छा इथे सर्वांचीच असेल. माझी त्यांना एक विनंतीही आहे. समोर बसून बोलण्याचा धीर मला होत नाही, म्हणून ती इथे सर्वांदेखत लिहितो. त्यांनी छातीचे दुखणे लपवू नये, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. त्यांचा शब्द मोडून मी हे उघड करतो आहे, त्याबद्दल त्यांनी रागवावे. मुक्ताही आम्हाला काळजी नको म्हणून आपल्या दुखण्याबद्दल काही बोलली नव्हती.