शहापूरचा दिवा, बेळगावची वीज

लग्न होऊन मी परदेशी गेले. आमच्या परसातल्या चिंचेवर चढलं की तो परदेश दिसायचा.

हसू नका! त्या काळी आमचं शहापूर होतं संस्थानात आणि बेळगाव होतं इंग्रजाच्या मुलखात. मधे एक नाका, नाक्यावर एक आडवा बांबू. बांबूच्या अलीकडं एक राजा, पलीकडं दुसरा. पोलिसाची टोपी वेगळी, सुट्टीचे दिवससुद्धा वेगळे. पायी चाललं तर अर्धा-पाऊण तास. पण नव्या सुनेला कुठलं आलंय पायी चालणं! माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. म्हणजे माझ्यापुरतं ते विलायत असतं तरी तेवढंच लांब. उलट विलायतेला निदान पत्र तरी जातं. पाऊण तासावरच्या लेकीला पत्र कोण लिहितंय?

सासरी माणसं तीन, त्यातलं एक मी. आमचे ‘हे’ रेल्वेत गार्ड. दोन दिवस गाडीवर, एक दिवस घरी, आणि तो एक दिवस झोपेत. (पहिल्या महिन्यात मी त्यांना जागेपणी पाहिलं ते मोजून चार वेळा. चेहरा विसरायला नको म्हणून झोपलेले असताना बघून ठेवायची.) तिसऱ्या ह्यांच्या विधवा आत्याबाई. स्वभावानं साखर! पण सकाळी काकड्याला, दुपारी पोथीला, संध्याकाळी कीर्तनाला. एका देवळातनं दुसऱ्या देवळात जाताना वाटेत घर लागायचं, म्हणून घरी यायच्या.

आणि मी विणकराची पोर. माहेरी चार माग. उजाडल्यापासून खटक-फटक, खटक-फटक. त्या आवाजात जन्मले, त्या आवाजात रांगले. इथं सगळी सामसूम. दुपारी कानात नुसता दडा बसायचा. मग मी काय करायची, दाराची कडी मागाच्या ठेक्यात वर-खाली करत बसायची.

“दाराला काय झालंय गं?” आत्याबाईंनी एकदा विचारलं.

“कडी गंजलीया,” मी सांगितलं, आणि सांगितलं तसं दिसावं म्हणून तिला तेल घातलं. तेल घातल्यावर कडी वाजायची बंद झाली! एक सोबत होती, तीही गेली.

आता दिव्याचं सांगते. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, लग्नात मला एक विजेचा दिवा दिला होता. स्वतः केलेला. मोडक्या मागाचं शिसवी लाकूड तासून दांडा केला, खाली पितळेचं बूड, वर होल्डर आणि त्यात बल्ब. आमच्या गल्लीत वीज यायची ती एका तेलगिरणीवाल्याच्या इंजिनावरनं. दिवस मावळला की इंजिन भकभक करायचं आणि घरोघर पिकल्या पपईसारखा उजेड पडायचा. सासरीही वीज आहे म्हटल्यावर आप्पा खूश. माझी वीज, तुमची वीज. वीज ती वीज! परमुलखात कायदा वेगळा, हे सगळ्यांनी सांगितलं. वीजही वेगळी, हे एकानंही सांगितलं नाही.

सासरी तिसऱ्या संध्याकाळी मी दिवा कोनाड्यात ठेवला, भिंतीतल्या प्लगात वायर खुपसली आणि बटण दाबलं. काय सांगू! असा पांढराफेक उजेड पडला की जपाला बसलेल्या आत्याबाईंनी माळ टाकून हात जोडले. त्यांना वाटलं, इतक्या वर्षांच्या कीर्तनाला फळ आलं!

“आलास रे बाबा!” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फट्ट! देव गेला, दिवा गेला आणि मधल्या खोलीतला त्यांचा दिवाही गेला.

दुसऱ्या दिवशी फ्यूज बसवायला मल्लाप्पा वायरमन आला. त्यानं काळवंडलेला बल्ब उन्हात धरून बघितला.

“अक्का, ह्यो बलब कुठला?”

“शहापूरचा.”

“तरीच! तिकडचा करंट निम्मा. तुमचा एकशेदहा, आमचा दोनशेवीस. हितला बलब आणा, लागंल.”

“निम्मा?” मी पदर खोचला. “आमच्या शहापूरचं काय सुदीक निम्मं असत न्हाय!”

“अय्यो, करंटचं बोलतोय अक्का! तुमच्या माहेराला कुठं काय म्हणलो?”

मला पटलं नाही. आप्पांच्या दिव्यात परक्याचा बल्ब? त्यापेक्षा दिवा अंधारात बसलेला बरा!

आठव्या दिवशी, रविवारी, आप्पा भेटायला आले. मी आठ दिवसांच्या गोष्टी पोटात साठवून ठेवल्या होत्या. बारीक बारीक गाठोडी बांधून, ओळीनं. आप्पा बाकड्याच्या कडेला बसले, गाडीची वाट बघत बसावं तसे.

“बरी हाईस?”

“व्हय.”

“जेवतीस न्हवं?”

“व्हय.”

झालं! आप्पांचं हे असंच. त्यांचं तोंड हाताला जोडलेलं होतं. हातात मागाचा धोटा असला की गल्लीभर ऐकू जाईल इतकं बोलणार. हात रिकामा पडला की तोंडाला कुलूप. आणि त्यांना अडकवून ठेवावं तर कशानं? चहानं? लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचा पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, ही आमच्यातली रीत. आत्याबाईंनी तरी विचारलं, “घोटभर च्या?”

“न्हाय आत्याबाई. नातू मांडीवर बसंल तवा बादलीभर पितो.”

(म्हणजे निदान वर्ष तरी गेलं. आणि आमचे ‘हे’ तर कायम लोंढ्याच्या गाडीवर!)

आप्पा उठले. माझी गाठोडी पोटातच. चपला घालता घालता त्यांनी विचारलं, “दिवा कसा पडतोय गं?”

“झकास!” माझ्या तोंडातनं गेलं.

आप्पांचं तोंड असं फुललं! “मग फुडल्या ऐतवारी दिवेलागणीपतोर थांबतो. बघूनच जातो.”

घ्या! दिवा लागला तर आप्पा दिवेलागणीपर्यंत थांबणार. नाही लागला तर पुन्हा तीच दोन वाक्यं आणि चपला. शिवाय खोटं उघडं पडणार ते वेगळंच. हातात दिवस सात.

शहापूरहून भाजी घेऊन रोज आमच्या दारावर येणारी गंगाक्का होती. तिला मी बाजूला घेतलं.

“गंगाक्का, गिरणीवाल्याकडनं एक बलब आण. पर आप्पांना सांगायचं न्हाय. तुला माझी शपथ.”

गंगाक्कानं शपथ अक्षरशः पाळली. आप्पांना नाही सांगितलं. आईला सांगितलं.

बल्ब आला. मला वाटलं, पहिल्याला दृष्ट लागली असणार. म्हणून मीठ-मिरच्या घेऊन दिव्याची दृष्ट काढली, प्लगाची काढली, बटणाचीही काढली, आणि मग दाबलं. फट्ट! आत्याबाई ठसक्यानं बेजार. दृष्ट लागली नव्हती. मिरच्या मात्र लागल्या.

मग मी कपाळाला हात लावून मल्लाप्पाचं बोलणं आठवलं. निम्मा! असेल बाबा निम्मा. पण निम्म्याचं काय करायचं हे विणकराच्या पोरीला कुणी शिकवावं? सूत बारीक पडलं, ताणानं तुटायला लागलं, की आम्ही काय करतो? दुपदरी करतो! एका धाग्याशेजारी दुसरा धागा, पीळ दिला की मजबूत. एक बल्ब तुटतोय ना? दोन शेजारी शेजारी लावू. इतका आनंद झाला म्हणता! मल्लाप्पाला हे सुचलं नाही, इंग्रजाला सुचलं नाही, मला सुचलं!

गंगाक्काकडनं आणखी दोन बल्ब आणि एक होल्डर मागवला. फ्यूज काढून ठेवायचा एवढी अक्कल मला मल्लाप्पाकडं बघून आली होती. दोन्ही होल्डरच्या तारा शेजारी शेजारी घेतल्या, अशा सुबक पिळल्या की कुणी पैठणीचा पदर म्हणावा. फ्यूज बसवला. आत्याबाई आपणहून अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

“लाव गं!” त्या बाहेरनं ओरडल्या. “मी हितनं हात जोडते!”

फट्ट-फट्ट! पूर्वी एक जायचा, आता जोडीनं गेले. अंगणातनं आवाज आला, “आज दोन देव आलते का गं?”

तो शनिवार होता.

रविवारी चार वाजता आप्पा आले. काखेत टोपली, टोपलीत कापसात बसवलेले सहा बल्ब! नाक्यावर जकातवाल्यानं अडवून “कोंबडीची का बदकाची?” म्हणून विचारलं होतं म्हणे. मी दारातच रडायला लागले.

“आप्पा, मी खोटं बोलले. दिवा येकदाबी लागला न्हाय.”

“म्हाईत हाय. पयल्या बलबापास्नं म्हाईत हाय. आन तो दिवा.”

मी दिवा आणला. आप्पा जमिनीवर मांडी घालून बसले, माझी पिळलेली तार त्यांनी बोटांनी चाचपली आणि पहिल्यांदा हसले.

“दुपदरी केलीस व्हय गं? झ्याक केलीस. पर हितं जाड नको. लांब पायजे.”

“म्हंजी?”

“इंजिनवाल्याला इचारलं. त्यानं तासभर सांगितलं, माझ्या डोक्यात कायबी शिरंना. मग म्हणला, आप्पा, सांधा! तवा शिरलं. तुटला धागा सांधतो तसं. एका बलबाच्या म्होरं दुसरा. जोर दोघांत निम्मा-निम्मा वाटून जाईल. धर हे टोक.”

मी टोक धरलं. आप्पांच्या हाताला काम लागलं आणि तोंडाचं कुलूप उघडलं! थोरल्या मागाची फणी कशी मोडली, गायीनं आईचं लुगडं कसं चघळलं, आई अजून जेवायला एक ताट जास्तीचं घेते आणि मग स्वतःवरच चिडून परत ठेवते, धाकटी माझ्या जागेवर झोपायला कशी तयार नाही. मीही माझी गाठोडी सोडली. कडीची गोष्ट सांगितली तेव्हा आप्पांचा हात जरा थांबला. मग म्हणाले, “तेल कशाला घातलंस येडे?” आणि पुन्हा तार सोलायला लागले.

दिवेलागणीला दोन्ही बल्ब लागले. पांढरेफेक नव्हे, पपईसारखे, आमच्या गल्लीतल्यासारखे. आत्याबाई दारातनं डोकावून म्हणाल्या, “टिकला की देव!” आप्पा जायला उठले तेव्हा कीर्तनाची घंटा होऊन गेली होती.

पुढच्या रविवारी आप्पा आले. मी बटण दाबलं. दिवा लागला.

“झालं! बरं चाललंय तुझं,” आप्पा म्हणाले, आणि चपला घातल्या.

माझी गाठोडी पोटात. एवढ्या मरमरीनं दिवा लावायला शिकलो, तो असा उलटला!

त्याच्या पुढच्या रविवारी आप्पा यायच्या आधी मी एक बल्ब अर्धा आटा फिरवून सैल केला. सांधलेल्या दिव्याची गंमत अशी, की एक सैल केला की दोन्ही विझतात, आणि कुठला सैल आहे ते वरनं कळत नाही. आप्पांनी दोन्ही काढले, पुसले, तारा सोडल्या, पुन्हा बांधल्या. तास गेला. माझं पाटावरच्या मुंग्यांपासून ह्यांच्या घोरण्यापर्यंत सगळं सांगून झालं. पुढच्या खेपेला दुसरा बल्ब. मग एकदा तार. एकदा तर मी फ्यूज काढून तांदळाच्या डब्यात लपवला आणि कुठं लपवला ते विसरले. आप्पा खरोखरच दिवेलागण उलटेपर्यंत बसले! (फ्यूज सोमवारी भातात सापडला. ह्यांना. जागे होते, नेमके!)

पुढं वर्षभरानं बेळगावच्या विजेचे खांब सरकत सरकत आमच्या शहापूरच्या गल्लीच्या तोंडाशी आले. घ्यायची का ती वीज, म्हणून गल्ली आप्पांच्या ओसरीवर जमली. मी दिवाळीला माहेरीच होते.

“मला इचारा,” आप्पा मागावरनं म्हणाले. “माझी लेक त्याच विजेवर नांदतीया. दर ऐतवारी बिघडती! एक ऐतवार चुकत न्हाय. माग बंद ठिवून मला पळाया लागतंय.”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

“खरं काय गं?” कुणीतरी विचारलं.

मी आप्पांकडं बघितलं. ते धोटा फेकत होते. वर बघतच नव्हते. आता काय सांगणार? वीज चांगली आहे म्हटलं तर माझा रविवार गेला!

“व्हय,” म्हटलं. “दर ऐतवारी.”

खांब शेजारच्या गल्लीत वळले. तेलगिरणीवाल्याचं इंजिन पुढच्याच पावसाळ्यात कायमचं थंडावलं आणि आमची अख्खी गल्ली दोन वर्षं कंदिलात बसली. संध्याकाळी काचांवरची काजळी पुसता पुसता बायका बेळगावच्या विजेला शिव्या घालायच्या. माहेरी गेले की मीही त्यांच्यात बसून घालायची. सगळ्यांत मोठ्यानं!