लेकीला न दाखवलेली टेकडी

गौरी यायच्या दोन दिवस आधी प्रमिलाला, माझ्या लेकीला, फोन केला. "उद्या सकाळी सातला पनवेल स्टँडवर ये. फुलं आणायला जायचंय."

"मी?" ती म्हणाली. आमच्या घरात गौरीच्या फुलांची, कळलावीची, जागा लेकीला दाखवत नाय, सुनेला दाखवतात. लेक लग्न करून जाणार, जागा दुसऱ्या घरात नेणार, असं माझी आई म्हणायची. तिला तिच्या सासूनं दाखवलेली. आईनं मला आणि बायकोला. आता बायको नाय, सून बाजारातून तेरडा आणते आणि माझे गुडघे गेलेत. यंदा दाखवली नाय तर जागा माझ्याबरोबरच जायची. त्यात कामोठ्याला फ्लॅटमध्ये आल्यापासून मी गेलोच नव्हतो. तिकडं दगडाची खाण झाली असं ऐकलेलं. फुलं आहेत की नाय तेच माहीत नाय.

ज्यांना जायचंय त्यांनी पनवेलहून आपट्याची एसटी पकडा. बाईमाणसाला अर्धं तिकीट, मला म्हातारा म्हणून अर्धं. वडापाव स्टँडवरच बांधून घ्या, पुढं काय मिळत नाय. महागाचे बूट, काठ्या, टोप्या कशाला? साधे कॅनव्हासचे बूट चालतात.

कंडक्टर म्हणाला, "काय काका, ट्रेकिंग?"

"ट्रेकिंग तुमी करा. आमी गौरीची फुलं आणायला चाललोय."

आपट्याच्या अलीकडे उतरलो. कुठं ते सांगणार नाय. भाताच्या बांधावरून निघालो, मी पुढं, प्रमिला मागं. उजवीकडं वळलो तर वाटच नाय. तारेचं कुंपण, पलीकडं डंपर. डोंगराचा एक गाल कापून नेलेला. मी तिथंच उभा. डोकं चालेना.

"बाबा, डावीकडून. उंबराच्या मागून," प्रमिला म्हणाली आणि पुढं झाली.

ओढ्यात पहिला दगड हलतो, हे मला माहीत. तिनं खाली न बघता तो टाळून दुसऱ्यावर पाय ठेवला. विचारणार होतो, पण दम लागलेला.

वर पोचलो आणि मी टोपी काढली. का काढली माहीत नाय. पूर्वी दहा-बारा वेल असायचे. आता अख्खा उतार पेटलेला. करवंदीच्या जाळीवर, खाणीच्या तारेवरसुद्धा कळलावी. खाली पिवळी, टोकाला लालभडक, पाकळ्या बोटांसारख्या उलट्या वर वळलेल्या. म्हणून तर तिला गौरीचे हात म्हणतात. पानाच्या टोकाची शेपटी करून प्रत्येक वेल शेजारच्याला धरून चढलेला. वारा आला की सगळी टेकडी हात हलवायची. एवढं वय झालं, असं कधी बघितलं नाय.

मग विचारलं, "तुला जागा कोणी दाखवली?"

"तुमीच. दहा वर्षांची असताना तुमच्या मागं मागं आले. आजीनं बघितलं मला."

"काय बोलली?"

"तोंडावर बोट ठेवलं. मग घरी म्हणाली, बापाला सांगू नको. दिवाळी झाली की शेंगा सुकतात, तेव्हा जाऊन बी पसरून ये."

नियम सांगणारी तीच!

"मग तू येतेस?"

"दरवर्षी. लग्न होऊन मोऱ्याला गेले तरी येते. घरी सांगते, माहेरी चालले."

"आणि माहेरी पाय ठेवत नायस!"

"तुमी बोलावलंत कधी?" ती हसली. मला हसता आलं नाय.

पाच फुलं घेतली. आमच्यात पाचच घेतात. कळलावी विषारी, कंद तर फारच. पोरांच्या हातात देऊ नका. आमी ओढ्यात हात चोळून धुतले, मगच वडापाव खाल्ला.

दोन दिवस गुडघे सुजले. तरी डोळे मिटले की ती टेकडी हात हलवते. गौरी बसवताना सून थबकली. "बाबा, एवढी ताजी फुलं! मला पण दाखवा ना, कुठं मिळतात?"

म्हटलं, "नणंदेला विचार. मला वाट चुकते."