कठड्यावरचं दूध

"मॅडम, एवढ्या बाटल्या माझ्याच दुधाच्या व्हय?" सुनंदाताईंनी विचारलं.

मी सॅम्पल भरत राहिले. कोरेगावकडच्या त्या गावात सुनंदाताई आमच्या डेअरीचं दूध संकलन केंद्र चालवतात. सकाळची रांग किटल्या घेऊन उभी होती. सगळे बघत होते.

मी साताऱ्यातल्या एका छोट्या डेअरीत क्वालिटी बघते. संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेतून तक्रार आली होती. दुधाला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, मुलं तोंड लावत नाहीत. शाळेला आम्ही काचेच्या बाटल्यांतून गाईचं दूध द्यायचो, आणि ते सगळं सुनंदाताईंच्या केंद्रावरचं. मग बोट दुसऱ्या कुणाकडं दाखवणार?

लॅबमध्ये युरिया, स्टार्च, डिटर्जंट, सोडा, सगळं तपासलं. काही म्हणजे काही निघालं नाही. फॅटही नेहमीसारखं. त्याच दुधाची एक बाटली आम्ही प्लांटला ठेवली होती, तिला तर वासही नव्हता. तिथंच मी थांबायला हवं होतं. पण डोक्यात किडा शिरला होता. काहीच सापडत नाही म्हणजे बाई हुशार आहे, असं मला वाटलं. हे लिहिताना आज लाज वाटते.

डेअरीचे साहेब म्हणाले, "टेस्टिंग किटमध्ये न सापडणारं काहीतरी मिसळत असेल. केंद्र बंद ठेवा."

मीच फोन केला. सुनंदाताई रडल्या नाहीत, भडकल्या. "तुमच्या प्लांटात चांगलं, अन् घाट चढला की वास मारतंय? मग घाटावर जाऊन बघा की! गावात मला पावडरवाली म्हनाय लागल्यात. आता तोंड कसं दावू?"

शाळेला दुसऱ्या गावचं दूध पाठवलं. दोन दिवसांनी पुन्हा तक्रार. वास तोच.

आता मात्र मी दुधाच्या टेम्पोतच बसून पाचगणी गाठली. शाळेची मेस एक निवृत्त सुभेदार सांभाळतात. त्यांनी क्रेट उतरवून घेतले आणि एकेक बाटली अंगणाच्या कठड्यावर ओळीनं उभी केली, परेडला केल्यासारखी. वर लख्ख ऊन.

"सुभेदारसाहेब, हे काय?"

"इन्स्पेक्शन! उजेडात धरली की बाटलीतला कचरा दिसतो. डेअरीवाल्यांवर आपला भरवसा न्हाई. पोरांचा नाष्टा उरकला की निवांत एकेक बघतो."

"तोवर उन्हातच?"

"थंडी हाय की. नासतंय कुठं?"

नासत नव्हतं, खरंच. पण दुधात रायबोफ्लेविन असतं, म्हणजे बी-टू जीवनसत्त्व. पनीर केल्यावर उरलेलं पाणी हिरवट-पिवळं दिसतं, तो रंग त्याचाच. खाल्लेल्या अन्नातून ताकद मिळवायला शरीराला ते लागतं. कमी पडलं की ओठांचे कोपरे चिरतात, जीभ दुखते. मांसाहार न करणाऱ्या मुलांना ते बरंचसं दुधातून मिळतं. दूध तापवलं तरी ते बऱ्यापैकी टिकतं, उजेडात टिकत नाही. काचेतून ऊन लागलं की ते मोडतं, आणि मोडता मोडता दुधाची चव आणि वासही बिघडवतं.

एक बाटली मी वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच कठड्यावर ठेवली. दोन तासांनी सुभेदारांना दोन्ही बाटल्यांतलं दूध चाखायला दिलं. कागद नसलेल्या बाटलीतल्या घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं. कागदातल्याला काही झालं नव्हतं.

"म्हंजी मीच?" ते कठड्यावरच बसले. "पोरांसाठीच करत हुतो वो मी."

"तुम्ही दुधावर संशय घेतलात, मी बाईवर," मी म्हणाले.

साहेबांनी केंद्र सुरू करायचं पत्र दिलं. सुनंदाताईंनी ते न उघडताच परत केलं. "पत्र कुनाकुनाला दावू? बाटल्या सगळ्यांसमोर भरल्यासा. आता सगळ्यांसमोरच बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेसमोर उभी राहिले. ताईंच्या दुधात काहीही नव्हतं, चूक माझी, असं मोठ्यानं सांगितलं. रांगेतले एक आजोबा म्हणाले, "मग आदी नीट का न्हाई बगितलंस, बाई?"

शाळेला आता दूध स्टीलच्या कॅनमधून जातं. तक्रार नाही. सुनंदाताईंचं केंद्र सोडून गेलेले काही शेतकरी परत आले, काही अजून दुसरीकडं दूध घालतात. तक्रार आली की मी आता आधी विचारते, दूध ठेवलं कुठं होतं. माणसाचं नाव सगळ्यात शेवटी घेते.