मालखान्यातली पणती

ती संध्याकाळ इतक्या वर्षांनंतरही मनातून गेलेली नाही. पोलीस खात्यात मी चौतीस वर्षं काढली, बरेच तपास केले. पण आज ज्या प्रकरणाबद्दल लिहितो आहे, त्यात मी तपास अधिकारी नव्हतो. खबर देणारा होतो. वय दहा. तपास माझ्या वडिलांचा. भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान चौकीचे ते जमादार होते.

एकाहत्तरचा डिसेंबर होता. युद्ध दूर सीमेवर चाललं होतं, पण जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना आमच्या गावाहून फार लांब नव्हता. त्यामुळे ब्लॅकआउट कडक. खिडक्यांना काळे कागद, चौकीच्या व्हरांड्यात रेतीच्या बादल्या. सूर्य मावळायच्या आत आई जेवू घालायची. मग अंधारात बाबा रेडिओ लावायचे. त्याची उजेडाची पट्टी ते टोपीने झाकत, आणि मी त्यांच्या कुशीला टेकून बातम्या ऐकत असे. बातम्या कळत नसत. त्यांच्या गणवेशाचा खळीचा वास तेवढा अजून लक्षात आहे. मोठ्यांना ते दिवस काळजीचे होते. मला ते संपू नयेत असं वाटे.

शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, शत्रूचे हेर दिवा दाखवून विमानांना खुणावतात. असा दिवा दिसला की चौकीत कळवा. एका संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मला उजेड दिसला. बारीक, लुकलुकणारा, हलत जाणारा. दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी, त्याच वाटेने. मी धावत चौकीत गेलो.

"बाबा, हेर आहे! पाळीवर!"

बाबांनी हसण्यावारी नेलं नाही. स्टेशन डायरीत नोंद केली, एक शिपाई आणि दोन पंच घेतले आणि निघाले. मागोमाग मी.

पाळीच्या खोलगट जागेत एक बाई बसली होती. तलावात मासेमारी करणाऱ्या घरातली, तिशीची. पुढ्यात मासे ठेवायची बांबूची टोपली पालथी. टोपलीच्या फटींतून उजेड झिरपत होता.

"काय करून राहिली इथं?" बाबांनी विचारलं.

"खेकडे पकडून राहिली जी."

"टोपली पालथी घालून?" शिपाई म्हणाला. "खेकडे काय बाहेरून आत पाहून राहिले?"

पंच हसले. बाई हसली नाही. कोणाला खूण करतेस, कोणी पाठवलं, रोज का येतेस, असे प्रश्न झाले. तिचं एकच, खेकडे. शेवटी शिपायाने टोपली उचलली. आत मातीची पणती जळत होती. वाऱ्याचा झोत आला, ज्योत आडवी झाली, आणि त्याच क्षणी ती बाई अंग टाकून पणतीवर ओणवी झाली. दोन्ही तळहातांची ओंजळ तिने ज्योतीभोवती धरली. हात पोळत होते, तरी काढले नाहीत.

बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. आवाज एकदम खाली आला.

"कोण गेलं तुहं, बाई?"

मग ती रडली. "बाप जी. पाच दिवस झाले. मी एकलीच लेक."

आमच्याकडे माणूस जातो त्या जागी दहा दिवस दिवा अखंड ठेवतात. तो मध्ये विझला, तर गेलेल्याला वाट दिसत नाही म्हणतात. दिव्याखाली पीठ पसरतात आणि दहाव्या दिवशी त्यात कसली खूण उमटली ते पाहतात. त्यावरून तो जीव कोणत्या जन्माला गेला ते कळतं. हिची झोपडी बांबूच्या तट्ट्यांची, उजेड बाहेर पडायचा. ब्लॅकआउटवर लक्ष ठेवत फिरणाऱ्या पोरांनी बजावलं होतं, आज विझव, नाहीतर आम्ही विझवतो. म्हणून रोज ती पोरं यायच्या आधी पणती टोपलीखाली झाकून ती इथे आणून बसत होती.

मी बाबांच्या मागे उभा होतो. त्यांच्या आणखी आड सरकलो.

बाबांनी तिथेच पंचनामा लिहायला घेतला. "मातीची पणती, नग एक, जळती."

"जळती कायले लिहून राहिले, जमादार साहेब?" शिपाई म्हणाला. "मारा न एक फुंकर."

"मुद्देमाल जसा सापडला तसाच जपा लागते. तू कायदा शिकवून राहिला काय मले?"

बाईला समज देऊन सोडलं. पणती चौकीच्या मालखान्यात, म्हणजे जप्त वस्तूंच्या कोठडीत गेली. कोठडीला खिडकी नव्हती. हवाई हल्ल्यासाठी भरलेल्या बादलीतली रेती बाबांनी घमेल्यात ओतली, वर पणती ठेवली. मग माझ्याकडे वळले.

"खबर तू देली न? आता तेल तूच घालशीन."

पाच दिवस मी सकाळ-संध्याकाळ आईकडून जवसाचं तेल नेऊन घातलं. ती बाई दिवसा येऊन दारात बसायची. माझ्यावर रागावली नाही, हेच मला जास्त लागलं.

दहाव्या सकाळी तिने पणती उचलून रेतीत पाहिलं. बारीक खुणा होत्या. मालखान्यात उंदीर फार.

"जमादार साहेब, पाखराचे पाय दिसतात न?"

बाबांनी आयुष्यात न पाहिलेली गोष्ट कधी कागदावर लिहिली नाही. ते वाकले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पाखराचेच आहेत, बाई."

रजिस्टरमध्ये नोंद झाली: मुद्देमाल मालकास परत, स्थिती जळती. खाली तिचा अंगठा.

पुढे मी खात्यात आलो, आणि त्या संध्याकाळचं शिक्षण मला प्रशिक्षणापेक्षा अधिक उपयोगी पडलं. गुन्हेगार पुरावा विझवायला धावतो. ती पुरावा वाचवत होती. संशयिताच्या तोंडापेक्षा त्याच्या हातांकडे पाहावं, हे मी तिथे शिकलो.

बाबा गेले त्याला आज नऊ दिवस झाले. घरात गणवेशाचा वास केव्हाच उरला नव्हता, तरी मी परवा त्यांची ट्रंक उघडून पाहिली. त्यांच्या खोलीत पणती आहे, तेल मीच घालतो. आईला आता नीट दिसत नाही. उद्या सकाळी ती मला पिठात पाहायला सांगेल. पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. पण काय सांगायचं, ते ठरलेलं आहे.