सावळ्यांचं बोट

दर रविवारी सकाळी सहाला आमच्या चालणाऱ्यांच्या ग्रुपवर मनोहर सावळ्यांचा एकच शब्द यायचा, 'निघालो'. त्यावर अंगठा उमटवून आम्ही बूट शोधायला लागायचो. त्या रविवारीही सहालाच त्यांच्या फोनवरून मजकूर आला. मी न वाचताच अंगठा दिला. दात घासून आल्यावर पाहिलं, तर मजकूर त्यांच्या मुलीचा होता. सावळे झोपेतच गेले होते... माझ्याखाली आणखी सात अंगठे होते.

सावळे भोसरीतल्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. तरुणपणी तिथल्या प्रेस मशीनखाली सापडून डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक कायमचं बधिर झालेलं. निवृत्तीनंतर त्यांनी ही फेरी सुरू केली. नियम दोनच. प्रेक्षणीय स्थळी जायचं नाही, आणि ज्याचा फोटो काढला त्याला तो छापून, हातात नेऊन द्यायचा. त्यामुळे किल्ले-लेणी सोडून आम्ही दिघीला लष्कराच्या भिंतीकडेने चाललो, चाकण रस्त्यावर शिफ्टच्या बससाठी उभ्या माणसांशी बोललो, वाकडच्या टॉवरांमागे उरलेली एक विहीर पाहिली. तीस वर्षं या भागात शिकवून मला तोवर इथले फक्त सिग्नल ठाऊक होते.

सावळ्यांच्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक गुलाबी, धुरकट डाग असायचा. बधिर बोट भिंगावर आलेलं त्यांना कळायचंच नाही. "साहेब, माल रिजेक्ट," असं कोणी म्हणालं की ते शांतपणे म्हणायचे, "तपासणाऱ्याचा शिक्का आहे राव. त्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही."

पुढे वाकडच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आमच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. फीत, समई, तीन भाषणं. त्यातल्या दोन वक्त्यांनी भिंतीकडे पाठ करून फोटोंचं कौतुक केलं. छपाईचं काम माझ्याकडे होतं. एरवी अशा समारंभांची टिंगल करणारा मी, पाहुणे काय म्हणतील या धास्तीने सावळ्यांच्या सगळ्या फोटोंचे कोपरे कापून मोकळा झालो. त्यांना विचारलंही नाही. सावळे बराच वेळ त्या भिंतीसमोर उभे होते. मग म्हणाले, "स्वच्छ झालेत, मास्तर."

त्यानंतरही ते दर रविवारी यायचे, पण फोन खिशातून काढायचे नाहीत. "तुम्ही काढा की. मी बघतो." चूक मला कळली होती. माफी मात्र मी एका रविवारवरून दुसऱ्यावर ढकलत राहिलो. रविवार काय, भरपूर आहेत असं वाटायचं...

सावळे गेल्यावर महिन्याभराने आम्ही निघोज्याला गेलो. तिथे कंपनीच्या कुंपणाला लागून कौसाबाईंचं घर आहे. प्रदर्शनाच्या कितीतरी आधी सावळ्यांनी त्यांचा फोटो काढून नेऊन दिला होता. बातमी ऐकून बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग आम्हाला आत नेऊन भिंत दाखवली. फोटोत त्या, त्यांची म्हैस, मागे कंपनीची शेड, आणि कोपऱ्यात तो डाग. अख्खाच्या अख्खा.

"सून म्हनली, तेवढा कोपरा कापून नीट फ्रेम करू. म्या न्हाई म्हनलं. फोटू काढनारा मानूस कधी फोटूत येतो व्हय? ह्यो आलाय. ऱ्हाऊ दे."

मी मान हलवली.

सावळ्यांनी छपाईसाठी पाठवलेले मूळ फोटो माझ्याकडे अजून होते. घरी येऊन ते कोपऱ्यांसकट पुन्हा छापून घेतले आणि त्यांच्या मुलीकडे घेऊन गेलो. छापून हातात द्यायचा, हा नियमच होता. तिच्या भिंतीवर प्रदर्शनातले, मी कापलेले फोटो लावलेले होते. पाकिटातून पहिला निघाला तो वाकडच्या विहिरीचा. विहिरीकडे तिने पाहिलंच नाही. किती तरी वेळ ती त्या कोपऱ्याकडेच बघत राहिली.